तळ्याकाठचे मुकादम

तळ्यावरच्या वाहनतळावर पावत्या फाडायला लागल्यावरही लोक त्यांना मुकादमच म्हणायचे. पंचवीस वर्षं त्यांनी गोदामात ट्रक भरून घेतले. मग कमरेतला मणका सरकला आणि डॉक्टरांनी बजावलं, यापुढे बाजाराची पिशवीसुद्धा उचलायची नाही. असा माणूस घरी बसला असता तर दोन महिन्यांत भिंतींशी भांडला असता. तळ्याची व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, "शिट्टी वाजवता येते का?" आणि शिट्टी, पावतीपुस्तक नि एक प्लास्टिकची खुर्ची त्यांच्या हवाली केली. त्या बाईंचा विषय निघाला की मुकादम अजूनही हात जोडतात.

पावतीवरून रोज एकाशी तरी वाजायचंच. "मोकळ्या हवेचे पैसे घेता? लाज नाही वाटत?"

"हवा फुकट आहे हो. पैसे चाकांचे आहेत. चाकं घरी ठेवून या आणि छाती फुटेस्तोवर हवा घ्या."

त्यांची बायको मात्र खरंच चाकं न आणता यायची, म्हणजे बसने. दर रविवारी अकराच्या गाडीने. तिचे गुडघे पार गेले होते. जमिनीवर दहा पावलांत दोनदा थांबावं लागे, पण कमरेएवढ्या पाण्यात काठी न घेता ती ताठ चालायची. आठवड्यातला तो एक तास तिला सहा दिवस पुरायचा. बसचा ड्रायव्हर तिला 'मुकादमांच्या मुकादम' म्हणायचा आणि ती उतरेपर्यंत गाडी हलवायचा नाही.

अडचण जागेची होती. जागा चाळीस गाड्यांची, रविवारी येणार सत्तर. उरलेल्या गाड्या बस वळायच्या मोकळ्या जागेत घुसायच्या. मुकादमांनी गोदामाची अक्कल लावली. जो माल आधी उतरवायचा तो दाराशी, शेवटी उतरवायचा तो तळाशी. प्रत्येकाला विचारायचं, "कधी निघणार?" संध्याकाळी म्हणणारे आत, अर्ध्या तासात म्हणणारे बाहेर, आणि मधे बोटभर फट नाही. अशा साठ गाड्या बसवून ते खुर्चीत टेकले, तेव्हा जग जिंकल्यासारखं वाटत होतं त्यांना.

पण खोकी शब्द फिरवत नाहीत, माणसं फिरवतात. अर्ध्या तासवाले पाणी बघून तिथेच रमले. संध्याकाळवाल्यांची आपसात भांडणं झाली, ते तासाभरात निघाले. आतल्यांना बाहेर पडता येईना, बाहेरचे सापडेनात. जो तो गाडी हलवायला बघत होता आणि या सगळ्या गोंधळात अकराची बस अडकली ती साडेबारापर्यंत. दुसऱ्या दिवशी डेपोचे साहेब येऊन सांगून गेले, "पुढच्या रविवारी मी स्वतः गाडीत असेन. पुन्हा अडकलो, तर बस मोठ्या रस्त्यापर्यंतच येईल." मोठा रस्ता दोन किलोमीटरवर. म्हणजे त्यांच्या बायकोचं तळं बंद.

चूक आपली आहे हे मुकादमांना कळत होतं. रात्री ते ताटात नुसता भात चिवडत बसले. बायकोनेच ताटावरून मान वर केली.

"माणसांना कशाला विचारता? त्यांचं त्यांना तरी कुठे ठाऊक असतं! सामान बघा. जन्मभर सामानच ओळखलंत ना?"

पुढच्या रविवारी मुकादमांनी तोंड बंद ठेवलं आणि डोळे उघडे. चटई, स्टोव्ह, तीन पिढ्या आणि फुगवायची नळी असली की गाडी थेट आत. तान्हं बाळ असेल तर दाराशी, कारण निघायची वेळ बाळ ठरवतं. कडक इस्त्री, चकचकीत बूट, हातात नुसता फोन, म्हणजे फोटोपुरते आलेत, सगळ्यात बाहेर, बसच्या वळणापाशी; अकराच्या आत जातीलच. बाहेरच्या ओळीला एकच ताकीद, "हँडब्रेक नको, न्यूट्रलमध्ये ठेवा." दहापर्यंत गाड्या येत होत्या आणि जात होत्या. मुकादम शिट्टी फुंकतच होते.

पावणेअकराला फक्त एक पांढरी गाडी अडून बसली होती, नेमकी बसच्या वळणावर. तिचा इस्त्रीवाला मालक कुठेच दिसेना. शेवटी कुणीतरी तळ्याच्या मधोमध बोट दाखवलं. गृहस्थ एकटेच पायडलच्या होडीत बसले होते. पँट गुडघ्यापर्यंत वर, पाय जोरात चाललेले, चेहऱ्यावर हसू. मुकादमांनी शिट्टी ओठांना लावली आणि खाली घेतली. त्या माणसाला परत बोलवायचं त्यांच्या जिवावर आलं. आणि बोलावूनही तो वेळेत पोचला नसताच.

त्यांनी कमरेवर हात ठेवून आवाज दिला, "अहो, जरा हात लावा! बस यायचीय." सकाळी हवेच्या पैशांवरून भांडलेला माणूस सगळ्यात आधी उठला. मग स्टोव्हवाले काका, त्यांचे दोन जावई आणि बाळाला कडेवरून नवऱ्याकडे देऊन आलेली बाई. मुकादमांना ओझ्याला हात लावायची बंदी होती, आवाजाला नव्हती. गोदामातली जुनी हाळी त्यांनी पोटातून काढली, "लाव जोर... हां!" चाकं हलली आणि गाडी सरळ पुढे, गवतावर सरकली. चाकाखाली वीट लागते न लागते तोच बस आली. एका दमात वळली, मागे घ्यावी लागली नाही.

साहेब उतरले, वळणाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "येऊ द्या गाडी इथपर्यंत," ते ड्रायव्हरला म्हणाले. "कायमची."

मुकादमांना त्या सगळ्या घामेजलेल्या माणसांचे आभार मानायचे होते. त्यांनी नुसते हात जोडले. भांडलेला माणूस म्हणाला, "असू द्या हो. पैसे वसूल झाले."

बस परत गेली तोवर बायको थांबत थांबत पाण्यात उतरली होती. मुकादम पहिल्यांदाच शिट्टी खुर्चीवर टाकून काठापर्यंत गेले. "ऐकलंस का? बस चालू राहणार!"

ती थांबली. पाणी कमरेशी हलत होतं.

"मी आज निरोप घ्यायला आले होते हो तळ्याचा," ती म्हणाली.

"बरं झालं आधी बोलली नाहीस. माझा आवाजच फुटला नसता."