खोकला लपवलेले रविवार

"क्षय आहे," डॉक्टर म्हणाले. "पल्मनरी ट्युबरक्युलोसिस, म्हणजे फुफ्फुसांचा क्षयरोग. उजवीकडे वर हा डाग दिसतो ना?" रामदासपेठेतल्या त्यांच्या दवाखान्यात खिडकीच्या उजेडासमोर एक्स-रेची फिल्म धरून ते दाखवत होते.

मी जगेन का, हे मी विचारलंच नाही. "एकाच पेल्यातून प्यायलेल्या माणसांना होतो का?" असं विचारलं.

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हा आजार भांड्यापेक्षा खोकल्यातून पसरतो, बाई. त्यांच्या शेजारी बसून खोकत होतात का?"

होते. तीन महिने.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सक्करदऱ्याकडच्या एका लहान ख्रिस्ती मंडळीची मी सुवार्तिक होते. प्रभू येशूने दिलेलं तारण गावोगाव जाऊन सांगायचं, हेच माझं काम. दर रविवारी मंडळीचे पाळक आणि मी एसटीने उमरेड रस्त्यावरच्या एका खेड्यात जायचो. तिथल्या एका वस्तीत अकरा जणांनी विश्वास धरला होता. झाडाखाली उपासना व्हायची. शेवटी प्रभुभोजन. पाळक भाकरी मोडायचे, मग भिजवलेल्या मनुकांच्या रसाचा पेला हातोहात फिरायचा.

पेला एकच. यावर माझा फार जोर होता. त्या माणसांना जन्मभर लोकांनी ओंजळीत वरून पाणी ओतलं होतं. त्यांच्यासाठी तो एक पेला म्हणजे निम्मा उपदेश होता. प्रभूने आपल्याला सोडवलं, ही आठवण तिथे सुतकी चेहऱ्याने कधी झालीच नाही. बाया पेला पुढे देताना हसायच्या.

मला खोकला लागला, संध्याकाळी कणकण येऊ लागली, वजन उतरलं. फोडणीचा ठसका, एसटीची धूळ, असं मी सगळ्यांना सांगत राहिले. माझा पेला वेगळा ठेवा, असं म्हणायला जीभ रेटेना. बायांना काय वाटेल, हे एक कारण. खरं कारण हे की, कोणाला कळलं तर माझा रविवार जाईल. याला मी विश्वास म्हणत होते. तो शुद्ध हट्ट होता.

तुमच्यापैकी कोणी असाच खोकला लपवत असेल, तर त्याने एवढं तरी ऐकावं: आधी स्पुटम टेस्ट करून घ्या. म्हणजे थुंकीची तपासणी. प्रार्थना डब्यात थुंकल्यावरही करता येते.

मला शहराबाहेरच्या सॅनेटोरियममध्ये ठेवलं. सॅनेटोरियम म्हणजे क्षयाच्या रोग्यांचा लांब मुक्कामाचा दवाखाना. रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. त्याने कानात घूं व्हायचं. मूठभर गोळ्या. खोकल्यातून रक्त पडलं होतं म्हणून डॉक्टरांनी बजावलं, "जास्त बोलायचं नाही." सुवार्तिकेला! उशाशी माझा वेगळा मग होता, त्यावर चिकटपट्टी लावून माझं नाव लिहिलेलं.

रविवार सोसवत नसे. चार वाजले की वाटायचं, आता गाणं चाललं असेल. आता पेला कौसल्याकडे आला असेल. कौसल्या ही त्या गावातली पहिली विश्वास धरणारी. मी तिथे जाण्यासाठी इतकी आसुसले होते की एसटीचा भोंगा ऐकला तरी डोळे भरायचे.

पाळकांना मी चिठ्ठी पाठवली, सगळ्यांची तपासणी करा. उत्तर यायला तीन आठवडे लागले. दहा जण ठणठणीत. कौसल्याच्या थुंकीत जंतू सापडले होते.

ती माझ्याच वॉर्डात आली, दोन खाटा सोडून. मी उठून तिच्यापाशी गेले आणि म्हटलं, "कौसल्या, हे माझ्यामुळे झालं. मला माफ कर."

"काहून रडून राहिल्या, बाई?" ती म्हणाली. "तुमी आल्या म्हणून तं मले येशू भेटला. आता बिमारी भेटली, तं दवाई बी भेटून राहिली ना!"

डॉक्टर म्हणाले, "कोणी कोणाला दिला, हे आम्हालाही सांगता यायचं नाही." त्यांनी ते माझ्या समाधानासाठी म्हटलं असावं. माझं समाधान झालं नाही. कौसल्याच्या माफीनेच झालं, तेही हळूहळू.

मला बोलायची बंदी, म्हणून रविवारी व्हरांड्यात कौसल्याच बायांना गोळा करायची. "आमच्या गावात ही बाई आली, आन् माह्या घरचं पाणी घटाघटा पेली," असं ती सुरू करायची. "मी म्हटलं, हिले कोणी सांगतलं नाही का? मंग समजलं, हिले ज्यानं पाठवलं त्याले बी माह्या घरचं चालते." बाया हसायच्या. वर्षानुवर्षं मी जे समजावत होते, ते ती दोन वाक्यांत सांगत होती. मला आनंद झाला आणि पोटात दुखलंही. दोन्ही सांगते.

तिचा आजार लवकर सापडला होता. सहा महिन्यांत तिची थुंकी स्वच्छ आली आणि पुढच्या गोळ्या घरी घ्यायला सांगून डॉक्टरांनी तिला सोडलं. निघायच्या दोन दिवस आधी तिने विचारलं, "बाई, नाल्यापल्याडच्या गावाले येशूचं सांगाले मी जाऊ का?"

तिथे अजून कोणी सुवार्ता नेली नव्हती; ते गाव मी माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. बरी झाले की पहिली तिथे जाईन, असं मी रोज प्रभूला सांगत होते. मी पाठ वळवून झोपले. ती निघाली, तेव्हा कुठे माझ्या तोंडून "जा" निघालं. फाटकापर्यंत ती मागे वळून हात हलवत राहिली. मी खांबाला धरून उभी होते. तिच्या जागी मला जायचं होतं, दुसरं काहीच नको होतं.

मला दीड वर्ष लागलं. डॉक्टरांचे, सिस्टरांचे आणि त्या वॉर्डातल्या बायांचे उपकार आहेत, म्हणून आज लिहिते आहे. उजवं फुफ्फुस थोडं आखडलं आहे. गाणं म्हणताना धाप लागते.

सुटल्यावर महिन्याभराने कौसल्याबरोबर एकदाची नाल्यापलीकडच्या त्या गावात गेले. ती पुढे कोणाच्या तरी घरी शिरली होती. मी दम खात एका ओट्यावर टेकले. तिथे तांदूळ निवडत बसलेल्या म्हातारीने मला न्याहाळलं, आतून पाणी आणून दिलं आणि विचारलं, "बाई, तुमाले येशू माईत हाय का?"

तोंडापर्यंत आलेलं सगळं मी गिळलं.

"सांगा ना," म्हटलं, आणि तिच्या सुपाशी सरकून बसले.