तीनाचा आठ

माझा राग जुना आहे आणि मी तो जपून ठेवलेला आहे. झालं गेलं सोडून द्यावं असं सगळे सांगतात. मी सोडलं नाही. ते बरोबर होतं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं.

मी पिंपरी पेंढारची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स केला. वर्गात आम्ही दोघीच मुली. आमचे सर पश्चिमेकडच्या डोंगरातले, भातखाचरांच्या गावचे, बोलायला तुटक. पहिले दोन महिने त्यांनी आम्हाला साध्या खोलीचाही नकाशा काढू दिला नाही. फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे. आधी कडक पेन्सिलीनं दोन फिक्या रेघा मारायच्या, मग त्यांच्या मधोमध अक्षर. त्याचं डोकं वरच्या रेघेला टेकलं पाहिजे, पाय खालच्या. रेघ एका दमात ओढायची, पुन्हा गिरवायची नाही. दोन अक्षरांमधलं अंतर पट्टीनं मोजायचं नाही, डोळ्यानं जोखायचं, कारण उभ्या रेघा शेजारी आल्या की तेवढंच अंतर कमी दिसतं. आकडा कधी मापाच्या रेषेला चिकटू द्यायचा नाही.

"तुमचं अक्षर कुणाला आवडावं म्हणून नाही काढायचं," सर म्हणायचे. "भर उन्हात घामेजल्या हातात नकाशा धरलेल्या गवंड्याला एकाच्या जागी सात दिसता कामा नये. एवढंच."

इंग्रजी तीन ते सपाट डोक्याचा काढायला लावायचे. गोल डोक्याच्या तीनाला डावीकडून दोन बाक जोडले की झाला आठ. सपाट डोकं मात्र खरवडून काढल्याशिवाय त्याचा आठ होत नाही. असे सपाट डोक्याचे तीन मी हजारोंनी काढले असतील.

कोर्स संपल्यावर मंचरला एका इंजिनीअरच्या ऑफिसात नोकरी लागली. मी रोज आळेफाट्याला एसटी बदलून जायची. साहेब पन्नाशीकडे आलेले, स्वच्छ सफारी, बोलणं गोड. शाळेच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या, समाजमंदिरं अशी कामं यायची. ते हिशोब करायचे, मी ट्रेसिंग पेपरवर शाईनं नकाशा उतरवायची, मग त्याच्या निळ्या प्रती निघायच्या. बाहेरचं कुणी आलं की साहेब माझं अक्षर दाखवायचे. "छापल्यासारखं आहे की नाही?" मला ते फार आवडायचं, हे कबूल करते.

घोड नदीच्या काठच्या एका गावात शाळेची खोली बांधली जात होती. तिच्या स्लॅबमधल्या सळया एकशे तीस मिलिमीटर अंतरानं टाकायच्या, असं मी नकाशावर लिहिलं होतं. पुढे खालचं सेंटरिंग, म्हणजे फळ्यांचा आधार, काढला आणि स्लॅब मधोमध खाली झुकला, आडवी चीर गेली. सुट्टी होती म्हणून खाली कुणी नव्हतं. स्लॅब फोडून पाहिला तर सळया एकशे ऐंशीवर, म्हणजे विरळ आणि कमी.

गावानं सभा बोलावली. साहेबांनी मलाही यायला सांगितलं. परक्या गावात एकटी कशी पाठवायची, म्हणून माझे वडील, आमचे अण्णा, धुतलेली टोपी घालून माझ्यासोबत आले. साहेबांनी निळी प्रत टेबलावर पसरली. तिच्यावर स्पष्ट एकशे ऐंशी होतं.

"हिशोब माझा बरोबर आहे," साहेब उभे राहून म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "उतरवून घेताना या मुलीनं तीनाचा आठ केला. नवी आहे. माझी चूक एवढीच, की मी तिच्यावर विश्वास टाकला."

मी प्रत जवळ ओढली. "हा आठ माझा नाही. मी असा काढतच नाही. मूळ ट्रेसिंग दाखवा."

"ट्रेसिंग सापडत नाही," साहेब म्हणाले.

"आठावर काय नाव लिवलेलं असतं का गं?" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मी सपाट डोक्याच्या तीनाबद्दल सांगू लागले, पण ते कुणाच्या कानापर्यंत पोचलं नाही. सरपंच तेवढे हसले नाहीत.

परतीच्या एसटीत अण्णा खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "एवढा शिकला-सवरलेला मानूस खोटं कशाला बोलंल? झाली असंल चूक. मान्य कर नि मोकळी व्हय."

साहेबांनी बोट दाखवलं तेव्हा मी रडले नव्हते. अण्णांचं ऐकून रडले.

नोकरी गेलीच. नारायणगाव, मंचर, जुन्नर, जिथं जाईन तिथं माझ्या आधी ती गोष्ट पोचलेली असायची. दोन वर्षं मी घरच्या टोमॅटोच्या वावरात क्रेट भरले. गावातली टवाळ मंडळी मला 'तीनाचा आठ' म्हणायची. मी मान खाली घालून तोडणी करायची आणि मनात एकच चित्र रंगवायची, की तो माणूस सगळ्यांसमोर उभा आहे आणि त्याला बोलता येत नाही. दुसरं कुठलंही स्वप्न मी इतकं मन लावून पाहिलेलं नाही.

मग आईनं कुणाला न विचारता मला पुण्याला मावशीकडे पाठवलं. तिथे मी कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकले. दोन हजार साल उलटल्यावर नारायणगावात स्वतःचं लहानसं ऑफिस टाकलं. सरकारी ऑफिसांना हातचे नकाशे नकोसे होऊ लागले होते, त्यामुळे काम आपोआप येत गेलं.

एक दिवस सकाळी साहेब स्वतः दारात आले. केस पांढरे झालेले, सफारी तशीच.

"अगं, तू होय! बरं झालं, आपलंच माणूस निघालं," ते म्हणाले आणि जुन्या ट्रेसिंगच्या गुंडाळ्यांचा भाराच टेबलावर ठेवला. हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं होतं. ते चहा पिऊन, आईवडिलांची खुशाली विचारून गेले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी आठ वर्षं रोज उगाळलं ते या माणसाला आठवतसुद्धा नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्या शाळेच्या खोलीची ट्रेसिंग हाताला लागली. मी ती खिडकीच्या काचेवर धरली. एकशे ऐंशीतल्या आठापाशी कागद ब्लेडनं खरवडून पातळ झालेला, तिथं शाई फुटलेली. एकावर एक ठेवलेली दोन वाकडी वर्तुळं, वरचं माझ्या पेन्सिलीच्या रेघेच्या बाहेर गेलेलं. आणि त्या वर्तुळाच्या माथ्यावर, नीट पाहिलं तर, माझ्या तीनाच्या सपाट डोक्याची पुसट खूण.

मी साहेबांना बोलावून घेतलं. कागद पुन्हा काचेवर धरला. ते खुर्चीत बसले.

"ठेकेदारानं सळई कमी आणली होती," ते म्हणाले. "मला वाटलं, चालून जाईल."

"आणि माझं नाव घेतलंत ते?"

"तू लहान होतीस. तुला दुसरी नोकरी मिळाली असती. माझं सगळं गेलं असतं."

मी सांगितलं, त्याच गावात, त्याच लोकांसमोर हे बोला. बोललात तर ट्रेसिंग परत देईन, नाहीतर जिल्ह्याच्या ऑफिसात नेऊन देईन. ते हात जोडायला लागले. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्यांनी हात आणखी थोडा वेळ जोडून ठेवावेत असं वाटलं.

सरपंच आता माजी झाले होते, पण त्यांनी माणसं जमवली. अण्णांना मी मुद्दाम नेलं, पहिल्या रांगेत बसवलं. साहेब उभे राहिले. आवाज बारीक, नजर जमिनीवर. "आकडा मी बदलला होता. तिची चूक नव्हती." माझ्या अंगातून जे गेलं त्याला आनंदच म्हणायचं.

तेवढ्यात एक म्हातारी उठली. "आन् खाली पोरं असती म्हंजी?"

मला तोंड वर करता येईना. मी इतकी वर्षं माझ्या नावाचाच विचार केला होता. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

साहेब ट्रेसिंगसाठी माझ्याकडे हात करून उभे होते. मी ती त्यांना दिली नाही. माजी सरपंचांच्या हातात ठेवली. मी शब्द मोडला. पुढे गावानं तक्रार केली, चौकशी झाली आणि साहेबांना सरकारी काम मिळायचं बंद झालं.

त्या दिवशी निघण्याआधी अण्णांनी तो कागद मागून घेतला. खरवडलेल्या जागेवर अंगठा फिरवत राहिले. "लागतंय की हाताला," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "मंग तवाच का न्हाई बोललीस?"

"बोलले व्हते, अण्णा. तुमी ऐकलं न्हाई."

त्यांनी कागद माजी सरपंचांना परत दिला. ते वाक्य मला गोड शब्दांत सांगता आलं असतं. मला तसं सांगायचं नव्हतं.

साहेब अधूनमधून मंचरच्या स्टँडवर दिसतात. मला पाहिलं की ते रसवंतीच्या बाजूला वळतात. मग मीही रस्ता ओलांडते आणि समोर जाऊन उभी राहते. "नमस्कार, मॅडम," ते म्हणतात. "नमस्कार," मी म्हणते, आणि त्यांची एसटी लागली तरी लगेच बाजूला होत नाही.