ड्रॉइंगच्या सरांची डिस्क

बायकोला माझं बहुतेक सगळं ठाऊक आहे. हे नाही. तिलाच काय, कुणालाच नाही. सांगायला बसतो आणि दर वेळी दुसरंच काहीतरी सांगून उठतो — आजही तसंच होईल की काय, अशी धास्ती आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो: मी एका माणसाशी खोटं बोललो. फोनवर. एकच वाक्य. आणि तो माणूस इतका भला, की त्याने ते खरं मानलं.

आता थोडं मागे जाऊ द्या. लगेच नाही जमणार मला.

मी मूळचा कंधारचा. लातूरला आलो तो क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला. तेव्हा लातुरात क्लासेसचा नुसता सुळसुळाट होता. चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, खाली मार्क. गल्लोगल्ली मेस, हॉस्टेलं. आमच्या क्लासमध्ये परीक्षा घ्यायला कॉम्प्युटरची एक खोली होती आणि तिची किल्ली माझ्याकडे असायची. रविवारी सकाळची टेस्ट आटोपली की दुपारी ती खोली आमची. आमची म्हणजे सात-आठ लिनक्सवाल्यांची.

लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली. जगभरातली माणसं मिळून ती बनवतात आणि फुकट वाटतात. तिचे नाना प्रकार आहेत. त्यातला एक आम्ही धरला होता आणि त्याचं मराठी करून राहिलो होतो. एकेका शब्दावरून तासतास भांडायचो. आमची एक पत्रिकाही होती, ‘ओसरी’ नावाची. महिन्याला एक अंक, वेबसाइटवर. त्यात बातम्या, सभासदांनी काढलेली चित्रं आणि युक्त्या. संपादक अर्थात मी. अंकाच्या कपाळावर माझंच वाक्य होतं — ‘स्वतः चालवून पाहिल्याशिवाय आम्ही एकही युक्ती देत नाही.’ फार आवडायचं मला ते वाक्य. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवायचो.

आणि ड्रॉइंगचे सर होते. बसवणप्पा सर. उदगीरच्या एका शाळेत जन्मभर चित्रकला शिकवून रिटायर झालेले. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, खांद्याला शबनम, शबनममध्ये वही. दर रविवारी एसटीने यायचे. पोरांच्या वयाच्या आम्हा लोकांकडून माउस धरायला शिकले, आणि सहा महिन्यांत त्याच माउसने आम्हाला कुणाला जमणार नाहीत अशी चित्रं काढायला लागले. डेस्कटॉपवर लावायला त्यांनी उदगीरचा किल्ला काढला, मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, तुरीचे ढीग काढले. आमच्या मराठी आवृत्तीच्या पहिल्या पडद्यावर त्यांचंच चित्र जायचं ठरलं, तेव्हा ‘ओसरी’त मी ती बातमी सगळ्यात वर दिली होती. सर म्हणाले, “कुलकर्णी, नाव जरा बारीक टाका. लई मोठं दिसून राहिलं.”

पण सर कॉम्प्युटरकडे आले होते ते वेगळ्याच कामासाठी.

भूकंप झाला तेव्हा सर नोकरीत होते. त्यांची सख्खी बहीण किल्लारीकडच्या एका गावात दिलेली. तिचं घर सगळं गेलं. सर तिला शोधायला गेले आणि मग कितीतरी दिवस तिथेच, पत्र्याच्या शेडांत राहिले. ढिगाऱ्याखाली माणसं गेली तशी त्यांची चित्रं, फोटोही गेले होते. बऱ्याच जणांचा तर जन्मात फोटोच काढलेला नव्हता. एका बाईने सरांना विचारलं — गुर्जी, तुम्ही चित्र काढता ना, मी सांगते तशी माझी पोरगी काढाल का? सरांनी काढली. मग रांगच लागली. लोक सांगायचे, नाक असं, हनुवटी अशी, हसली की इथे खळी पडायची. आणि सर काढायचे, खोडायचे, परत काढायचे, समोरचा माणूस रडायला लागेपर्यंत. रडू आलं की समजायचं, चेहरा जमला. काढलेला कागद ज्याचा त्याला देऊन टाकला. स्वतःकडे एकही ठेवला नाही.

वर्षं गेली. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावांतल्या भिंतींना ओल आली, फ्रेमांत वाळवी शिरली. तेव्हा सर पुन्हा घरोघर गेले, ती चित्रं चार दिवसांसाठी मागून आणली, आमच्या खोलीत स्कॅन केली आणि नेऊन परत दिली. माझ्याच हाताने मी कितीतरी कागद स्कॅनरच्या काचेवर ठेवलेत. उडालेल्या रेषा सर पडद्यासमोर बसून एकेक भरायचे. प्रत्येक घराला त्यांनी शब्द दिला होता — नवी छापून आणून देतो. ते सगळं काम सरांच्या उदगीरच्या घरी, एका डिस्कवर होतं.

दुसरीकडे कुठेच का नव्हतं? मी हेच एकदा त्यांना विचारलं. म्हणालो, सर, नक्कल करून ठेवा, डिस्कचा भरवसा नसतो. ते म्हणाले, कशी करायची ते ‘ओसरी’त लिहा की. सगळ्यांनाच कामाला येईल.

मी लिहिलं.

एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसऱ्या कोऱ्या डिस्कवर उतरवायची एक ओळीची आज्ञा असते. तिच्यात दोन जागा — कुठून घ्यायचं आणि कुठे ठेवायचं. दोन बॅचच्या मधल्या वेळात, स्टाफरूममध्ये, मी ती ओळ आठवेल तशी लिहिली. आणि त्या दोन जागा उलट्या लिहिल्या. चालवून पाहायची तर आतल्या कपाटातून दुसरी डिस्क आणावी लागली असती. मी उठलो नाही. तुम्ही म्हणाल, हातून चूक कुणाच्या होत नाही? होते. पण मी सांगायला बसलोय ती गोष्ट ही चूक नाही. ती पुढे आहे.

सरांच्या घरी इंटरनेट नव्हतं. रविवारी खोलीत बसून ते ‘ओसरी’तल्या युक्त्या वहीत उतरवून घ्यायचे. ड्रॉइंगचा मास्तर — अक्षर असं, की आज्ञेतला ठिपकासुद्धा गोल. त्या रविवारी ती ओळ त्यांनी माझ्या शेजारी बसून उतरवली. सोमवारी सकाळी पूजा आटोपून, वही उघडून, तशीच्या तशी टाइप केली. कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरली.

फोन आला तेव्हा मी क्लासच्या खोलीतच होतो. “कुलकर्णी, काहीच दिसून नाही राहिलं हो. दोन्ही कोऱ्या दिसतात.” आवाज अगदी शांत, पोराने प्रश्न विचारावा तसा. मी एका हाताने फोन धरला आणि दुसऱ्या हाताने ‘ओसरी’चं पान उघडलं. ओळ दिसली. दोन्ही जागा उलट्या होत्या. सर फोनवर वाट पाहत होते. आणि मी त्याच वेळी, त्यांचा श्वास कानात ऐकू येत असताना, ती ओळ सरळ केली. पान वेबसाइटवर पुन्हा चढवलं. मग म्हणालो, “सर, तुमच्याकडून उतरवताना उलटं झालं असेल. रविवारी आलात की ताडून बघा.”

तेच ते वाक्य.

सर रविवारी आले. पान उघडलं, शेजारी वही ठेवली आणि चष्मा वर करून दोन्हीकडे पाहत राहिले. मी खिडकीशी उभा होतो. अजूनही वेळ होता, नाही का? ‘थांबा सर’ एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी वही मिटली. म्हणाले, “जन्मभर पोरांना ओरडलो, नीट बघून काढा म्हणून. आन् मीच.” माझा चेहरा बघून त्यांना वाटलं, मला त्यांचंच वाईट वाटतंय. पाठीवर हात ठेवला माझ्या. आपलं सगळं गेलेलं असताना त्या माणसाने माझी समजूत काढली हो.

डिस्क जाणकारांना दाखवली. काही निघालं नाही. पुढच्या अंकाच्या वेळी सर स्वतःच म्हणाले, माझी फजिती बातमीत टाका, बाकीच्यांचं तरी वाचेल. मी टाकली! ‘आमच्या एका ज्येष्ठ सभासदाकडून आज्ञा उतरवताना चूक झाली, वाचकांनी दक्षता घ्यावी.’ आणि त्या अंकाच्या कपाळावरही माझं ते आवडतं वाक्य होतंच.

मग सर पुन्हा त्या गावांकडे निघाले. शब्द दिला होता ना. एसटीने जायचे, पायी फिरायचे. एकदा मी त्यांना मोटारसायकलवर नेलं. का नेलं? पाप हलकं होईल असं वाटलं असणार. औशाहून पुढे, नव्या गावात, एकसारख्या घरांतल्या एका घरासमोर आम्ही थांबलो. आत एकटी म्हातारी होती. सरांनी चपला काढल्या, हात जोडले आणि उभ्यानेच सांगितलं — तुमच्या लेकीचं चित्र माझ्या हातून गेलं, माझी चूक झाली. मी दारात उभा होतो. ऐकलं मी ते, माझ्या कानांनी.

म्हातारीकडचा कागद आदल्या पावसाळ्यात भिजून लगदा झाला होता. नवं चित्र सर आणतील, म्हणून तिने भिंतीवरचा खिळा तसाच ठेवला होता. ती म्हणाली, “असू द्या गुर्जी. तुमी काय मुद्दाम केलं का? बसा. म्या सांगते, पुन्यांदा काढा.”

सर मांडी घालून बसले. ती सांगू लागली — कपाळ, भुवया, नाक. पेन्सिल चालू होती. मग ती म्हणाली, गालावर एक तीळ होता. आणि थांबली. सरांनी पेन्सिल उचलून धरली. तिने आधी स्वतःच्या एका गालाला हात लावला, मग दुसऱ्या. “ह्या गालावर का त्या? गुर्जी, मला सुदरंना झालं.” सरांनाही आठवेना. ते चित्र मी स्वतः काचेवर ठेवलं होतं, पडद्यावर मोठं करून पाहिलं होतं. मलाही आठवेना. म्हातारी रडली नाही. नुसती बसून राहिली, दोन्ही गालांवर हात ठेवून. सर तिला म्हणाले, “माय, मला माफ कर.”

परतताना ते माझ्यामागे बसले होते. लातूरला मी त्यांना उदगीरच्या एसटीत बसवून दिलं.

त्यानंतर त्यांनी जितकी जमली तितकी चित्रं पुन्हा मिळवली. काही घरांतले कागद टिकले होते, काही नव्हते. प्रत्येक घरी तेच वाक्य म्हटलं असणार — माझी चूक झाली. किती घरं, मला माहीत नाही. विचारायची छाती झाली नाही.

‘ओसरी’ पुढे बंद पडली. आमच्यातले निम्मे पुण्याला गेले. सर त्यानंतर काही वर्षांनी गेले, घरीच, साध्या तापाने. त्यांच्या शिवगणाराधनेला, म्हणजे गेलेल्या माणसासाठी पूजा करून जेवण घालतात त्या दिवशी, मी उदगीरला गेलो होतो. पंगतीत सरांच्या गोष्टी निघाल्या. वाढता वाढता त्यांचा मुलगा म्हणाला, “शेवटी शेवटी डोकं जरा कमी चालायचं अप्पांचं. ती डिस्क नाही का पुसून बसले! उलटंच लिहून आणलं होतं. अप्पांना नसतं ते कॉम्प्युटरचं खूळ लागलं.” लोक हसले, मायेनेच. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. “सर, तुम्हाला तर ठाऊकच असेल.”

त्यांच्या पत्नी दाराशी उभ्या होत्या. सगळे माझ्याकडे बघत होते. सर नव्हते. आता माझं काय बिघडणार होतं?

मी म्हणालो, “हो. वय झालं होतं.”

तर असं आहे. सरांचं डोकं ठिकाणावर होतं. त्यांनी एक अक्षरही चुकवलं नव्हतं. चुकीचं मी लिहिलं, मी लपवलं, आणि त्यांच्याच घरी, त्यांच्याच नावाची पंगत जेवून मी हात धुऊन आलो.