बेरिल फिल्म वाचायची तेव्हा

बेरिल कटिंग केंब्रिजच्या आमच्या प्रयोगशाळेत येण्याआधी मुरंब्याच्या कारखान्यात बाटल्यांना झाकणं लावायची. आमच्याकडे तिला वाचायचं काम मिळालं. डीएनएच्या धाग्याच्या अपुऱ्या नकला करून त्या दोन काचांमधल्या जेलीतून विजेनं ओढल्या, की आखूड पुढे पळतात, लांब मागे रेंगाळतात, आणि फिल्मवर काळ्या रेषा उमटतात. शेजारी शेजारी चार रांगा, डीएनएच्या चार अक्षरांच्या: ए, सी, जी, टी. दिव्याच्या पेटीवर फिल्म ठेवून बेरिल खालून वर वाचत जायची आणि मी शेजारी बसून टाइप करायची.

"अगं हेझल, जी म्हटलं मी, टी नाही! कानात मुरंबा गेलाय का?"

"तूच दातांत बिस्कीट धरून बोलतेस."

असं आमचं चालायचं.

मार्चमध्ये तिचा कीथ गेला. पावसात मोटरसायकल घसरली आणि कालव्यात पडली. एकुलता एक मुलगा, वीस वर्षांचा. नवरा आधीच सोडून गेलेला. शुक्रवारी पुरलं आणि सोमवारी बेरिल कामावर हजर.

आमचे प्रमुख डॉक्टर पेनफोल्ड दारातच म्हणाले, "अहो, तुम्ही घरी जा. हवी तेवढी रजा घ्या."

"घरी जाऊन काय करू?" बेरिलनं कोट अडकवला आणि दिवा लावला. "ए, ए, सी, टी, जी."

मी टाइप करत राहिले. तिचा आवाज अगदी सपाट, चुका नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मी अर्धं सँडविच पुढे केलं, तिनं खाल्लं. रडली नाही, सांत्वन करावं असं काही तिच्यात दिसेना. असेच आठवडे गेले. अक्षरांपलीकडे ती क्वचितच काही बोलायची.

मग एका सकाळी ती म्हणाली, "एन."

रेष धूसर असली, ओळखू आली नाही, की एन म्हणायचं.

"एन. एन. एन."

मी वाकून पाहिलं. फिल्म स्वच्छ होती, लहान मुलानंही वाचली असती.

"बेरिल, दिसत नाहीये का?"

"दिसतंय गं."

"मग?"

"कुठली रांग आहे ते कळतं. तोंडातून येत नाही."

ती पेटीवरचा हात काढेना. मी तिचा हात धरला, थंडगार होता. मग म्हटलं, "ऊठ, इकडे बस. मी वाचते, तू टाइप कर."

तिनं ऐकलं. त्या दिवसापासून वाचणारी मी. तिची बोटं बरोबर चालायची.

दोन-तीन वर्षांनी दर अक्षराला दिलेला रंग ओळखणारी यंत्रं आली. रेषा वाचायला माणूस लागेना. मला यंत्रांकडे घेतलं, बेरिलला शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. पुढे घर विकून ती ईलीला बहिणीकडे राहायला गेली.

एका रविवारी मी तिला भेटायला गेले. तिनं चहा केला, बहिणीच्या कुत्र्याला गुडघ्याचं दुखणं आहे म्हणून सांगितलं. मी कीथचं नाव काढलं.

"हो," ती म्हणाली. "आता तेवीस-चोवीसचा असता." आणि माझ्या कपात पुन्हा चहा ओतला.

बसपर्यंत सोडायला आली. "ये हं परत," म्हणाली. मी येईन म्हटलं, आणि गेलेही, अधूनमधून.