तीन फूट उंचीचं बेट

नकाशेबाईंना ऑफिसात सगळे नकाशेबाईच म्हणत. खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक. जुन्या नकाशांच्या घड्या उलगडायच्या, फाटक्या कडांना मागून पातळ कापड चिकटवायचं, यात त्यांची तीस वर्षं गेली. ही चिकाटी वडिलांची. ते याच ऑफिसात नकाशे काढायचे. भाजीच्या यादीत ऱ्हस्वदीर्घ चुकलं तरी यादी परत यायची आणि भाजी राहायची. त्यांना जाऊन आता बारा वर्षं झाली होती.

त्यांनीच काढलेला तलावाकाठचा नकाशा नव्याने छापायचा होता. टेकड्यांच्या उंचीच्या रेषा केसासारख्या बारीक, काठावरची गावं जागच्या जागी. फक्त तलावाच्या मधोमध एक बेट होतं, उंची तीन फूट, आणि तलावावर जन्म काढलेला नावाडी ते मानायला तयार नव्हता.

"बाई, तिथे मी रोज जाळं टाकतो. बेट असतं तर एखादी डुलकी काढली नसती?"

"बुडालं असेल हो."

"बुडायला आधी असावं लागतं!"

बेट ठेवायचं की काढायचं, ते साहेबांना संध्याकाळपर्यंत लेखी हवं होतं. बाईंचा जीव टांगणीला. बाबा आणि चूक? त्यांनी भिंग लावलं. बेटाच्या शाईखाली कागद तांबूस दिसला. वास घेऊन पाहिला. पंचावन्न वर्षांनी कसला वास येतोय! पण राहवेना. जेवणाच्या सुट्टीत त्या थेट घरी, आईसमोर.

"आई, बाबांनी तो तलावाचा नकाशा कुठे काढला गं?"

"इथेच, या टेबलावर. का?"

"त्यात एक बेट आहे."

आई चक्क लाजली. "अगं बाई! अजून आहे?"

लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. नकाशा पुरा होत आलेला, आणि आईच्या हातून कपातला चहा थेट तलावात.

"म्हटलं, आता माहेरची वाट! तर हे डागाकडे बघत बसले आणि म्हणाले, 'रडू नकोस. बेट करून टाकतो.'"

"आणि तीन फूट?"

"ते मी सांगितलं. म्हणाले, तुझं बेट, तूच ठरव."

एका वेलांटीसाठी लेकीला अख्खं पान पुन्हा लिहायला लावणारा माणूस हा!

"मग ठेवू की काढू?"

"काढ की. मला काय तिथे बंगला बांधायचाय?"

ऑफिसात परतून बाईंनी लिहिलं: 'बेट नाही, चहाचा डाग. काढून टाकावे.' पुढचा रकाना होता 'चुकीचे कारण'. तिथे त्यांनी ऱ्हस्वदीर्घ सांभाळून एकच शब्द लिहिला: 'घरगुती.'