शिंगरासह रपेट

वडिलांनी बजावलं होतं, व्यायलेली घोडी या सुट्टीत पुन्हा खोगीर घेऊन चालली नाही, तर तिला विकायचं. रपेटीच्या वेळी शिंगराला आईपासून वेगळं ठेवावं, असं मी इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं. तसं घोड्यांची निगा राखणाऱ्या म्हाताऱ्या सईसाला सांगून मी ते तबेल्यात कोंडलं आणि घोडीवर बसले. ती फाटकापाशीच अडून खिंकाळू लागली.

"बाई, तुमचं पुस्तक तिनं नाई वाचलं," सईस म्हणाला. "सोडा लेकराले."

मी उतरून तबेल्याचं दार उघडलं. रोहणा गावाच्या रस्त्याने शिंगरू शेजारी दुडदुडत राहिलं आणि घोडी सरळ चालली. दूध पाजायला ती थांबली, की मी उतरून बाजूला उभी राही.

परतल्यावर वडिलांनी विचारलं, "शिंगरू कशाला नेलं?"

"त्याले रस्ता दाखवाले, मालक," सोबत चालत आलेला सईस म्हणाला.

मी होकारार्थी मान हलवली. घोडी आमच्याकडेच राहिली.