विळीवर आळ

आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला. पण हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, रक्तानं माखलेला उजवा हात टॉवेलात गुंडाळून, एका इजिप्शियन डॉक्टरला नारळ कसा खवतात याचं प्रात्यक्षिक दिलं, त्याची सर कशालाच नाही. "घरी विळीवर लागलं," मी म्हणाले. विळी म्हणजे काय ते त्याला कळेना. मग मी एक गुडघा वर घेतला आणि डाव्या हातानं हवेतला नारळ खवून दाखवला. नर्सला वाटलं असणार, बाई घोड्यावर बसलीय. डॉक्टरनं मान डोलावली आणि लिहून टाकलं: घर, स्वयंपाकघर, सुरी.

खरं तर त्या दिवशी आमच्या घरात नारळच नव्हता. माझी बोटं दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका फॅक्टरीत, खोके दुमडायच्या मशीनमध्ये चेपली होती.

आता नात त्या दोन बोटांशी खेळते आणि विचारते, "आजी, व्हाय डोन्ट दे बेंड?" तिच्यासाठी, गुहागरला राहिलेल्या माझ्या भावंडांसाठी आणि माझ्यासारख्याच बॅगा भरून इकडे आलेल्या बायांसाठी हे लिहितेय. हसायचं तिथे हसा. मीही तेव्हाच्या त्या बाईला हसतेच.

ती बाई घरातून निघाली तेव्हा फार शहाणी होती. बी.एस्सी. केमिस्ट्री, क्वालिटी कंट्रोलची नोकरी, हातात व्हिसा. मुंबईच्या विमानतळावर सोडायला आई गुहागरहून एसटीनं आली होती, मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली विळी घेऊन. ह्यांनी कपाळाला हात लावला. "अहो आई, तिकडे सगळं मिळतं." आई म्हणाली, "विळी मिळते?" बॅग उघडून, लोणच्याच्या बरण्या बाजूला सारून विळी आत गेली. दरवाज्याशी आई माझ्या कानात म्हणाली, "परक्याच्या घरी चाललीस. पाहुण्यासारखी राहा गो. वाढतील ते खा, आवाज करू नकोस."

मी पदराला गाठ मारून ठेवावं तसं हे वाक्य ठेवलं. फॅक्टरीतला सुपरवायझर म्हणाला, मशीनची हात वाचवणारी जाळी काढून ठेवा, जाळी लावली की लाइन सारखी थांबते. मी क्वालिटीची बाई, सगळ्या खोक्यांवर खुणा करणारी, पण त्या जाळीबद्दल चकार शब्द काढला नाही. पाहुणी ना मी! एक खोका अडकला, तो ओढायला मी हात घातला. पुढचं सांगत नाही. आवाज आठवतो अजून, आणि तो बोटांचा होता हे मला जरा उशिरा कळलं.

हॉस्पिटलच्या वाटेवर कंपनीचा पीआरओ गाडीत माझ्याशेजारी बसला होता. व्हिसा, परवाने, सरकारी कागद बघणारा हा माणूस एरवी मला दिवाळीला मिठाई द्यायचा. हळू आवाजात म्हणाला, "मॅडमजी, काम पे लगा बोलेंगे तो पुलिस आएगी, फॅक्टरी बंद, व्हिसा कॅन्सल. घर पे लगा बोलो. बाकी सब कंपनी देखेगी, इन्शाल्ला."

व्हिसा हा शब्द ऐकला आणि हात दुखायचा थांबला, इतकी मी घाबरले. ह्यांची नोकरी सुटलेली होती. हे आणि लेक मुग्धा, दोघंही माझ्या व्हिसावर. मुग्धाचं बारावीचं वर्ष. माझा व्हिसा गेला की तिघांनी बॅगा भरायच्या. मग मला विळी आठवली. का, ते देव जाणे. घाबरलेल्या माणसाला माहेरच आठवतं.

पुढे पीआरओचं इन्शाल्ला तेवढं राहिलं. पहिलं ऑपरेशन झालं. दुसरं केलं नाही तर बोटं अशीच राहतील आणि जंतुसंसर्गाची भीती आहे, असं सर्जन म्हणाला. कंपनी म्हणाली, घरी लागलंय, आमचा काय संबंध? आणि एका दुपारी तोच पीआरओ अरबीतला एक कागद घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "फॉर्मॅलिटी है, साइन करो, टिकट कंपनी देगी." राजीनामा होता तो, हे मागाहून कळलं. मी डाव्या हातात पेन घेतलंसुद्धा! कॉलेजात वादविवादात कप मिळवणारी ही बाई. मुग्धानं पेन हिसकावलं. "आई, प्लीज, डोन्ट साइन एनीथिंग." त्या घरात तेव्हा एकच मोठं माणूस होतं, ते सतरा वर्षांचं होतं.

त्यानंतर लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की मी दाराची कडी तपासायची. अनोळखी नंबरवरून फोन आला की मी तो उशीखाली ढकलायची. वकील करावा म्हटलं तर हे म्हणायचे, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये." मीही मान डोलवायची. पण खरी भीती वेगळीच होती. मी हॉस्पिटलात खोटं बोलले होते, परक्या देशात. खरं सांगायला गेले आणि मलाच आत टाकलं तर?

शेवटी मुग्धानंच शोध घेतला. फिलोमिना वसईची, बर दुबईतल्या एका वकिलांच्या ऑफिसात लीगल कन्सल्टंट. मी कुंकू लावून आणि ती गळ्यात क्रॉस घालून, दोघी समोरासमोर बसलो. मी तिलाही विळीच सांगितली. सवय लागली होती. तिनं एक्स-रे उजेडात धरला, मग माझ्याकडे बघितलं.

"शैलाताई, माझ्या आईच्या घरी पण विळी आहे. विळीनं बोट कापतं. हाडाचा चुरा करणारी विळी मी तरी पाहिली नाही."

मी रडायला लागले. तिनं पाणी पुढे सरकवलं. "आता खरं सांगा. आणि पुढच्या वेळी येताना ती विळी घेऊन या."

तिच्या ऑफिसच्या बिल्डिंगच्या दारात सिक्युरिटीवाल्यानं पिशवी उघडायला लावली. लुगड्यातून पातं बाहेर आलं तेव्हा मला वाटलं, खलास, इथूनच तुरुंग. तो केरळचा निघाला. "अम्मा, ये तो चिरवा है! नारियल का!" असा खूश झाला की घरचं कुणी भेटल्यासारखं. वर फिलोमिनानं विळीचे चारी बाजूंनी फोटो काढले, सर्जनच्या रिपोर्टला जोडले, अरबीत भाषांतर करून घेतलं. मी विचारलं, "मला पकडतील का?"

"घाबरू नका असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "खोटं का बोललात, ते विचारतील. घाबरूनच उत्तर द्या. फक्त खरं द्या."

कामगार खात्यातल्या तडजोडीच्या बैठकीत पीआरओ माझ्यासमोर बसला होता, तसाच हसत. अधिकाऱ्यानं दुभाष्याकरवी विचारलं, "आधी घरी लागलं असं का सांगितलं?" फिलोमिनानं पाठ करून घेतलेलं सगळं मी विसरले. मी म्हणाले, "मला वाटलं मी इथे पाहुणी आहे." दुभाष्यानं ते अरबीत सांगितलं. अधिकारी माझ्या हाताकडे बराच वेळ बघत राहिला. पीआरओचं हसू तेव्हा गेलं.

तिथे तडजोड झाली नाही. प्रकरण कोर्टात गेलं, मेडिकल कमिटीनं हात उलटासुलटा करून पाहिला, महिने गेले. निकाल माझ्या बाजूनं लागेपर्यंत मी रोज तिघांच्या बॅगा मनात भरत होते आणि रिकाम्या करत होते. दुसरं ऑपरेशन उशिरा झालं, म्हणून ही दोन बोटं ताठ. पण हात राहिला, मुग्धाची बारावी झाली, ह्यांना जबल अलीत नोकरी लागली. मला पोलिसांनी पकडलं नाही. पकडायला हवं होतं ते मूर्खपणासाठी, आणि तो गुन्हा कुठल्याच देशाच्या कायद्यात नाही.

निकालाच्या संध्याकाळी मी गुहागरला फोन लावला. आईला तोवर सगळं लपवलं होतं. फॅक्टरी, पीआरओ, डॉक्टर, विळी, कोर्ट, सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "आई, तू आवाज करू नकोस म्हणाली होतीस, मी केला." आई म्हणाली:

"भांडलीस ते बरं केलंस. पाहुणी असतीस तर भांडली असतीस काय? आता ते घर तुझंच, मी काय सांगायची तिथलं? पण माझ्या विळीवर आळ घेतलास गो! आजवर तिनं कुणाचं बोट चेपलं नाही. उद्या नारळ आण, डाव्या हातानं का होईना खव, आणि आधी तिची माफी माग."